गाडी नाही, पण जंगल बघायचंय? चंद्रपूर-गडचिरोलीत एसटी आणि रेल्वेने कुठं जाता येतं, कुठं नाही?

१ ऑक्टोबरला ताडोबाचा कोअर भाग पर्यटकांसाठी पुन्हा उघडतो आणि मोबाइलवर वाघांच्या रील्स सुरू होतात. या रील्समध्ये जिप्सी दिसते, रिसॉर्ट दिसतो, नागपूरहून येणारी खासगी गाडी दिसते. एसटी मात्र दिसत नाही.

प्रत्यक्षात चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतले हजारो लोक रोज एसटीनेच जंगलातून ये-जा करतात. शाळेत, बाजाराला, दवाखान्यात. मग स्वतःची गाडी नसलेल्या माणसाला याच बसने आणि रेल्वेने एक दिवस हिरवाईत घालवता येईल का?

येईल. पण त्यासाठी ठिकाण निवडायची पद्धत थोडी उलटी करावी लागते. कुठं जायचं हे ठरवण्याआधी परत कसं यायचं हे ठरवावं लागतं. या दोन जिल्ह्यांत ही गोष्ट फक्त सोयीची नाही, सुरक्षिततेचीही आहे.

हाच काळ का?

विदर्भातून मान्सून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात माघार घेतो. त्यामुळे सप्टेंबरची अखेर ते दिवाळी हा मधला काळ खास असतो. तलाव भरलेले असतात, साग आणि बांबू हिरवागार असतो, मूल, सावली, सिंदेवाही, ब्रह्मपुरी या पट्ट्यात धान लोंबीवर आलेलं असतं. फुलपाखरंही भरपूर दिसतात.

दोन अडचणी मात्र आहेत. पहिली म्हणजे ऑक्टोबर हीट. पाऊस थांबला की दुपारी अकरा ते चारमध्ये ऊन चटके देतं. दुसरी अडचण उंच गवताची. उन्हाळ्यात पानगळ झालेल्या जंगलात लांबचं दिसतं, या दिवसांत मात्र दहा पावलांवरचं जनावरही दिसत नाही. वाघ बघायचाच असेल तर हा हंगाम सर्वात सोपा नाही. जंगल बघायचं असेल तर मात्र हाच हंगाम.

आधी परतीची बस, मग ठिकाण

गावाकडच्या एसटीचं वेळापत्रक गावकऱ्यांच्या गरजेवर बेतलेलं असतं. बस सकाळी गावातून शहराकडे येते आणि संध्याकाळी शहरातून गावाकडे जाते. पर्यटकाचा प्रवास नेमका उलटा असतो. त्याला सकाळी गावाकडे जायचं असतं आणि संध्याकाळी शहरात परतायचं असतं.

इथं सर्वात जास्त फसगत होते ती ‘मुक्कामी गाडी’मुळे. ही बस संध्याकाळी गावात पोहोचते, चालक-वाहक रात्री तिथेच मुक्काम करतात आणि बस सकाळी परत निघते. बसस्थानकावर ‘शेवटची बस सात वाजता’ असं ऐकून एखादा निर्धास्त होतो. पण ती सातची बस गावाकडे जाणारी असते, गावातून येणारी नसते. म्हणून चौकशी खिडकीवर प्रश्न नेमका विचारावा: ‘तिकडून इकडे यायला शेवटची गाडी किती वाजता आहे?’ बसमध्ये चढल्यावर वाहकालाही हाच प्रश्न पुन्हा विचारावा. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी शाळेच्या वेळेच्या काही फेऱ्या नसतात, हेही लक्षात ठेवावं.

दुसरी गोष्ट उजेडाची. चंद्रपुरात सप्टेंबरच्या सुरुवातीला सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सहाच्या आसपास आणि महिनाअखेरीस पावणेसहाच्या आत. म्हणजे दोन महिन्यांत संध्याकाळचा पाऊण तास कमी होतो. बसची वेळ मात्र तीच राहते. सप्टेंबरमध्ये उजेडात मिळणारी सहाची बस ऑक्टोबरअखेर अंधारात पकडावी लागते. वाघ, बिबट आणि रानडुक्कर सर्वात जास्त हालचाल करतात ती याच वेळी.

त्यामुळे साधा नियम असा: परतीची बस पाचच्या आत मिळणार नसेल, तर तिथं एक दिवसाची सहल आखू नये. मुक्कामाची सोय करावी किंवा दुसरं ठिकाण निवडावं.

चंद्रपूर शहरात काय बघता येईल?

ज्यांच्याकडे अर्धाच दिवस आहे, त्यांना शहराबाहेर जायची गरज नाही. कोळसा खाणी आणि वीज केंद्रामुळे चंद्रपूरची ओळख प्रदूषित शहर अशी झाली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या मूल्यमापनात ते देशातल्या सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत चौथं होतं. अशा शहरात सकाळी मोकळा श्वास घ्यायला मिळणाऱ्या जागेची किंमत वेगळीच असते.

रामाळा तलाव ही त्यातली सर्वात जुनी जागा. गोंड राजवटीच्या काळातला हा तलाव शहरातच आहे. सांडपाणी आणि जलपर्णीने तो गुदमरला होता. त्याच्या संवर्धनासाठी इको-प्रो संस्थेचे बंडू धोतरे यांनी २०२१ मध्ये उपोषण केलं होतं.

दुसरी जागा म्हणजे परकोट, म्हणजेच जुन्या शहराभोवतीची सुमारे ११ किलोमीटरची गोंडकालीन तटबंदी. जटपुरा, बिनबा, अंचलेश्वर आणि पठाणपुरा हे तिचे चार दरवाजे. झुडपांनी झाकलेली ही भिंत इको-प्रोच्या कार्यकर्त्यांनी २०१७ पासून श्रमदानाने मोकळी केली. सकाळी सात ते नऊ या वेळात तिच्या एखाद्या टप्प्यावर फेरफटका मारता येतो. गावातच आझाद बगीचा आहे. रेल्वेस्थानक किंवा बसस्थानकावरून या सगळ्या ठिकाणी ऑटोने जाता येतं. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं सोबत असतील तर हाच पर्याय सर्वात सोयीचा.

बल्लारपूर मार्गावर विसापूरला अटलबिहारी वाजपेयी यांच्या नावाचं मोठं वनस्पती उद्यान आहे. चंद्रपूर-बल्लारपूर हा वर्दळीचा मार्ग असल्याने वाहनांसाठी फार थांबावं लागत नाही. निघण्याआधी उद्यानाच्या वेळा आणि साप्ताहिक सुट्टी तेवढी विचारून घ्यावी.

एक तारीख मात्र ध्यानात ठेवायला हवी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. त्यानिमित्त दरवर्षी १५ आणि १६ ऑक्टोबरला इथल्या दीक्षाभूमीवर मोठा जनसमुदाय येतो. त्या दोन दिवसांत बस, रेल्वे आणि लॉजमध्ये जागा मिळणं कठीण असतं. ज्यांना सोहळ्यासाठी यायचंय त्यांनी जरूर यावं, पण निवांत सहल करायची असेल तर दुसरे दिवस निवडावेत.

ताडोबा एसटीने होतं का?

निम्मं होतं.

ताडोबा हे महाराष्ट्रातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १९५५ मध्ये घोषित झालेलं. अंधारी अभयारण्य १९८६ चं. दोन्ही मिळून आज ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प आहे. कोअर भाग सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा आणि त्याभोवती सुमारे ११०० चौरस किलोमीटरचा बफर. पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर, कोअर बंद असतो. हंगामातही कोअरला दर मंगळवारी सुट्टी असते.

चंद्रपूरहून सर्वात जवळचं मोठं प्रवेशद्वार मोहर्ली, साधारण ३० किलोमीटरवर. तिथं एसटी जाते. दुर्गापूर, पद्मापूर, अगरझरी असा हा रस्ता आहे. पण प्रवेशद्वाराच्या आत पायी जाता येत नाही. नोंदणी केलेली जिप्सी आणि सोबत गाइड लागतोच. एका जिप्सीत ६ पर्यटक बसतात आणि खर्च काही हजारांत जातो. ओळखीचे सहा जण जमले तर माणशी भार हलका होतो. बुकिंग फक्त ताडोबाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करावं. आणि हो, कोअरच्या सफारीत मोबाइल नेता येत नाही. त्यामुळे रील काढायचा बेत असेल तर तो आधीच सोडून द्यावा.

एसटीचा आणि सफारीचा मेळ बसत नाही तो वेळेमुळे. ऑक्टोबरमध्ये सकाळची सफारी साधारण सहाला सुरू होते. त्या वेळेला चंद्रपूरहून पहिली बस मोहर्लीत पोहोचणं शक्य नाही. दुपारची सफारी संपते तेव्हा अंधार पडायला आलेला असतो आणि परतीची बस निघून गेलेली असते. म्हणजे एसटीने सफारी करायची तर मोहर्लीत एक रात्र राहणं आलंच. तिथं पर्यटन विकास महामंडळाचं निवास आहे, खासगी सोयीही आहेत. आदल्या दिवशी दुपारच्या बसने जायचं, सकाळची सफारी करायची आणि दुपारच्या बसने परतायचं, असा हिशेब जमतो.

सफारी परवडत नसेल तर त्याच रस्त्यावरच्या अगरझरीचा विचार करता येईल. इथं वन विभागाचं फुलपाखरू उद्यान आहे आणि हा महिना फुलपाखरांचाच. गावातच उतरायचं, उद्यान बघायचं आणि गावातूनच बस पकडायची. दोन गावांच्या मधलं अंतर पायी कापायचं नाही. हा रस्ता जंगलातून जातो, आणि शहराला लागून आहे म्हणून तो सुरक्षित आहे असंही नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये याच मार्गावरच्या महाऔष्णिक वीज केंद्राच्या परिसरात वाघाच्या हल्ल्यात एक कामगार ठार झाला होता. पाठोपाठ दुर्गापुरात बिबट्याच्या हल्ल्यात एका मुलाचा जीव गेला.

खिडकीतून जंगल: मूल रोड आणि गोंदिया लाइन

कुठंही न उतरता जंगल बघायचं असेल तर दोन प्रवास भारी आहेत.

पहिला चंद्रपूर ते मूल एसटीचा. लोहारा मागे पडलं की दोन्ही बाजूंना जंगल सुरू होतं. चिचपल्ली, केळझर आणि मग मूलच्या आसपास धानाची शेतं. हाच रस्ता पुढे सावलीवरून वैनगंगा ओलांडून गडचिरोलीला जातो. चंद्रपूर ते गडचिरोली अंतर साधारण ८० किलोमीटर आहे. हा मुख्य मार्ग असल्याने गाड्या बऱ्यापैकी मिळतात.

दुसरा प्रवास बल्लारशाह-गोंदिया रेल्वेचा. चांदा फोर्ट, केळझर, मूल मारोडा, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा अशी ही लाइन जाते. इथं एक गोंधळ हमखास होतो. चंद्रपुरात दोन वेगळी रेल्वेस्थानकं आहेत. नागपूर-बल्लारशाह मुख्य मार्गावरचं ‘चंद्रपूर’ आणि गोंदिया लाइनवरचं ‘चांदा फोर्ट’. तिकीट काढण्याआधी कोणत्या स्थानकावर जायचं ते बघून घ्यावं.

या लाइनवर गाडी अक्षरशः वाघांच्या घरातून जाते. नोव्हेंबर २०१८ मध्ये चिचपल्लीजवळ रेल्वेखाली येऊन वाघाचे ३ बछडे मेले होते. त्यामुळे प्रवास खिडकीतूनच करावा. लहान स्थानकावर उतरून रुळांच्या कडेने फिरायचा मोह टाळावा. उतरायचंच असेल तर नागभीडसारखं मोठं स्थानक बरं. जवळच ब्रिटिशकालीन घोडाझरी तलाव आहे. त्याच्या परिसरातलं जंगल २०१८ मध्ये अभयारण्य झालं. नागभीडहून ऑटो करायची झाल्यास जाण्या-येण्याची एकत्रच ठरवावी.

नागपूरच्या बाजूने येणाऱ्यांसाठी वरोराही सोपं आहे. ते रेल्वेच्या आणि नागपूर-चंद्रपूर बसच्या वाटेवरच आहे. बाबा आमटेंनी १९४९ मध्ये उभं केलेलं आनंदवन तिथून अगदी जवळ आहे. ओसाड जमिनीवर माणसांनी हिरवाई कशी उभी केली, हे तिथं बघायला मिळतं.

गडचिरोलीत कुठपर्यंत?

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. जिल्ह्याच्या सुमारे तीन चतुर्थांश भागावर जंगल आहे. रेल्वे मात्र वडशापुरतीच. वडसा-गडचिरोली मार्गाचं काम हाती घेतलेलं आहे, तोवर सगळी भिस्त एसटीवर. गडचिरोली विभागाची आगारं तीन: गडचिरोली, अहेरी आणि ब्रह्मपुरी. ब्रह्मपुरी जिल्ह्याने चंद्रपुरात, पण एसटीच्या हिशेबाने गडचिरोलीत. वेळापत्रक विचारताना हे माहीत असलं की फोन योग्य ठिकाणी जातो.

एका दिवसात जमण्यासारखं ठिकाण म्हणजे चामोर्शी तालुक्यातलं मार्कंडा. वैनगंगेच्या काठावरचा हा प्राचीन मंदिरसमूह आहे. पावसाळ्यानंतर नदी भरलेली असते आणि गर्दी नसते. नदीत उतरू नये. वरच्या गोसीखुर्द धरणातून पाणी सोडलं की इथली पातळी वाढते, वर आभाळ निरभ्र असलं तरी.

धानोरा मार्गावर मेंढा-लेखा आहे. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणारं हे गाव देशात पहिल्या काही गावांत गणलं जातं. हे पर्यटनस्थळ नाही. जंगल ग्रामसभेच्या देखरेखीखाली आहे, त्यामुळे आधी गावात विचारून, परवानगी घेऊनच जावं.

दक्षिणेला आलापल्लीच्या पुढे ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ आहे. जुन्या, उंच सागवानाचं हे ६ हेक्टरचं राखीव जंगल २०१४ मध्ये राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ ठरलं. भामरागडची बस याच रस्त्याने जाते. पण मधेच उतरून पुढच्या बसची वाट बघत जंगलात थांबणं योग्य नाही. आलापल्लीत मुक्काम करून तिथून वाहन करणं बरं. हेमलकसा आणि भामरागडचा त्रिवेणी संगम हा तर किमान दोन मुक्कामांचा प्रवास आहे. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, म्हणून सप्टेंबरमध्ये निघताना रस्ता सुरू आहे की नाही हे अहेरी आगारात विचारून घ्यावं.

बसमधून उतरल्यावर काय काळजी घ्यायची?

चंद्रपूर जिल्ह्यात २०० हून अधिक वाघ असल्याचं सांगितलं जातं आणि त्यातले बरेच ताडोबाच्या बाहेर, गावांच्या शेजारच्या जंगलात आहेत. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या ३ महिलांचा एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्यू झाला. जंगलात वाकून किंवा बसून काम करणाऱ्या माणसांना सर्वात जास्त धोका असतो. फोटोसाठी गवतात बसणाऱ्या पर्यटकाची स्थिती वेगळी नसते.

- गावाबाहेरच्या थांब्यावर एकट्याने थांबू नये. गावातल्या चौकात, दुकानाजवळ थांबावं.
- रस्ता सोडून झुडपात जाऊ नये, अगदी लघुशंकेसाठीही नाही.
- गावकरी ‘तिकडे जाऊ नका’ म्हणाले तर वाद घालू नये. आदल्या रात्री काय घडलं ते त्यांना माहीत असतं.
- २०२१ च्या ऑक्टोबरपासून छत्तीसगडमार्गे आलेला रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीच्या उत्तर भागात वावरतो. धान पिकण्याच्या काळात तो शेतांत येतो. हत्ती बघायला गर्दी करणं जिवावर बेतू शकतं.
- राज्यात मलेरियाचे रुग्ण मोठ्या प्रमाणात आढळतात ते गडचिरोलीत. पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, डास पळवणारं मलम लावावं. परतल्यावर काही आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना गडचिरोलीला जाऊन आल्याचं आवर्जून सांगावं.
- जंगलात अनेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. बसच्या वेळा आणि तिकिटं आधीच स्क्रीनशॉट करून ठेवावीत. सुटे पैसे जवळ असू द्यावेत.

तिकिटात सवलत कुणाला?

राज्यात एसटीच्या प्रवासात महिलांना मार्च २०२३ पासून तिकिटात ५० टक्के सवलत आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं तिकीट, तर ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास आहे. वयाचा पुरावा सोबत लागतो. चार-सात दिवस फिरायचं असेल तर ‘आवडेल तेथे प्रवास’ पासची चौकशी आगारात करावी.

ही बस मुळात कुणाची?

१ जानेवारी २०२५ रोजी गडचिरोलीतल्या गर्देवाडा-वांगेतुरी भागातून अहेरीकडे एसटी सुरू झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये धानोरा तालुक्यातल्या काटेझरीत आणि जुलैमध्ये भामरागड तालुक्यातल्या मरकनारमध्ये स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा बस पोहोचली. नक्षलवादाची झळ सोसलेल्या या गावांनी बसचं स्वागत सणासारखं केलं. तिथं बस म्हणजे दवाखाना, कॉलेज, तहसील आणि बाजार.

चंद्रपूर-गडचिरोलीत लालपरीने फिरणाऱ्याने म्हणूनच एवढं लक्षात ठेवावं: तो याच लोकांच्या गाडीत पाहुणा आहे. सकाळी शाळेच्या वेळी आणि बाजाराच्या दिवशी गर्दीच्या फेऱ्या टाळाव्यात, सॅक मांडीवर घ्यावी, डब्याचा कचरा परत आणावा. आणि शेजारी बसलेल्या गावकऱ्याशी चार शब्द बोलावेत. जंगलात सध्या कुठं काय चाललंय आणि परतीची गाडी खरंच किती वाजता येते, हे त्याला कुठल्याही ॲपपेक्षा जास्त माहीत असतं.